ताशी चार लिटर

भविष्यकाळाला स्टिकर लावू नयेत.
थेट ठोकळ्यावर छापा, वर वीस रुपये घ्या,
पण रात्री अकराला, चष्मा कपाळावर सरकवून
चिमट्यात धरलेलं ते इंधनाचं मीटर
एकदा तिरकं चिकटलं
की यान जन्मभर तिरकं उडतं.
माझ्या डोळ्यांत तरी.

मी एमआयडीसीत मोल्डिंग मशीनवर आहे, एकवीस वर्षं.
दाणा वितळतो, साचा मिटतो, साचा उघडतो,
हातात पडतो कोमट ड्रिपर,
केळीच्या बुडाशी थेंब थेंब टाकणारा.
म्हणून ठोकळा हातात आला
की आधी मी त्याची बेंबी शोधतो :
प्लास्टिक जिथून आत शिरलं तो ठिपका.
कुठं लपवलाय बघा लेकाच्यांनी!
आणि दोन ठोकळे जुळताना होतो तो टक्,
केसाच्या विसाव्या हिश्शानं जरी साचा चुकला
तरी तो येत नाही.
आमच्या झाकणांना कधी आला नाही.
मी वरती लेखी कळवलंय.

यानं मात्र हल्ली सगळी करडी.
करडी, दातेरी, पोटाखाली बंदुका.
दीपनगरच्या राखेचा रंग बघायला
अंतराळात कशाला जायचं?
भुसावळचं तिकीट पुरतं.
मला ते जुनं निळं आवडतं, पिवळ्या काचेचं.
आत एकच माणूस, हसरा,
कुणाशी वैर नाही, हद्दीचा वाद नाही,
कुठून तरी दगड आणायला निघालेला.
भंगारवाल्याच्या गोणीत सापडला मला,
एक हात नव्हता.
हसू शाबूत.

आणि ती माणसं, खोकं न उघडणारी!
भाव चढेल म्हणून कपाटात ठेवतात, वर प्लास्टिक गुंडाळून.
अरे, न उघडलेलं यान ही मुदतठेव झाली.
तेवढ्यासाठी आपल्याकडे सराफ बाजार आहे की.

पुस्तिकेबरहुकूम एकदा बांधावं, रीत म्हणून.
व्याह्यांच्या घरी पहिला घास
मुकाट्यानं गोड मानतो तसं.
मग मोडावं.
मोडताना नखं दुखतात, त्याला इलाज नाही.

मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांत,
घरातला एकुलता कूलर
मांडणीकडे तोंड करून का ठेवलाय
हे हेमांगीनं विचारलं नाही.
नुसतं त्याचं तोंड फिरवलं.
त्याच उन्हाळ्यात खिडकीच्या उन्हानं
माझे पांढरे ठोकळे पिवळे पडले,
सगळे नाही, पुढचे.
मी कुणाला काही बोललो नाही.

मागच्या रविवारी माझ्या स्वतःच्या यानाला,
पुस्तिका नसलेल्या,
मागचं नळकांडं कमी पडलं.
शर्टाच्या खिशात ड्रिपर होता,
तपासणीत नापास, कडेला पापुद्रा आलेला.
ब्लेडनं तासला. बसवला.
टक् झालं नाही.
अंगठ्यानं दाबून धरला बराच वेळ,
तेव्हा कुठं राहिला.
धुळ्याच्या देवऱ्याला फोटो धाडला,
जो एसटीच्या पार्सलनं उडदाच्या पिशवीतून
मला सुटे भाग पाठवतो आणि एकेक मोजून पाठवतो.
त्याचं उत्तर :
हाई त भेसळ शे, भो.

असेल.
पण जळगावातून यान निघायचंच असेल कधी
तर जळगावात जे हाताशी असेल त्याचंच निघेल ना?
वरची अँटेना मी अजून शोधतोय, ती गोष्ट वेगळी.

एकहाती गड्याला आत बसवलं, काच मिटली.
ड्रिपरवर आमची बारीक अक्षरं, साच्यातूनच उमटलेली,
स्टिकर नव्हे :
ताशी चार लिटर.
हेमांगी चहा ठेवायला आली, वाकून बघत म्हणाली,
कुठं निघाला हा?
दगड आणायला, मी म्हटलं.
येताना बामणोदची वांगी आण म्हणावं,
भरताची,
बिनकिडकी बघून.