मे महिना, मेडिकलची नेत्र ओपीडी

तुळाराम हेडाऊ, पाचपावली. डावा डोळा लाल.
"ऊन लागलं जी. तीन आठवडे ताप.
खिशात कांदा ठेवला, पन्हं पेलो."
दाढ काढल्याचं बायकोनं सांगितलं, उठता उठता.

मागावर धागा तुटला की
बोटाला आधी कळतं म्हणे, नजरेला मागून.

दिव्याच्या फटीत पाहिलं:
बुबुळाच्या तळाशी पुवाचा पांढरा थर,
बाहेरून आलेला नव्हे.
शेजारून स्टेथो मागून आणला.
डोळ्यांची डॉक्टरीण छाती ऐकते,
बायकोला हसू आलं.
कूलर बंद करायला लावला.
तेव्हा ऐकू आली फुसफुस,
दर ठोक्यामागे,
झडपेपाशी कापड फाटत असल्यासारखी.

"डोळा वाचते न, मॅडम?"
मी हृदयाच्या वॉर्डाची चिठ्ठी लिहीत होते.
अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.