जागा धरून

मंडी बाजारात मुजीबच्या दुकानी
काचेखाली जहाजाचं चित्र. अकरा मजले,
वर पोहायचा हौद. समुद्रातही हौद!
"काका, बाल्कनीवाली खोली घेतली तर एकच खेप.
आतली घेतली, बिनखिडकीची,
तर तेवढ्याच पैशात दोनदा जाऊन याल.
एक औंदा, एक पुढच्या साली."

एकतीस वर्षं मी एसटीत तिकिटं फाडली.
अंबाजोगाई–परळी, अंबाजोगाई–केज, मुक्कामी गाडी.
खिडकीची जागा भांडून दुसऱ्यांना मिळवून दिली,
म्हाताऱ्याला, बाळंतिणीला,
एकदा तर एका बोकडाला, अर्ध्या तिकिटात.
स्वतः दांडीला पाठ टेकून उभा.
म्हणून म्हटलं, बाल्कनी.
आठ बाय चार, त्यात दोन खुर्च्या.
पाय वर घेऊन बसायचं
आणि कुणी म्हणायचं नाही, सरका जरा.

पद्मीन पिकोच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली,
"दोनदा."
"अगं, पण खिडकी नाही."
"आपण समुद्र बघायला चाललाव का खोली?
आन हे बघा,
पहिल्या खेपेला मी नुसती भिणार.
काटा कुठल्या हातात, नळ कसा फिरवायचा,
कुणी हसायलंय का.
त्यातच चार दिवस जातेत.
समुद्र मला दुसऱ्या खेपेला दिसंल."

यावर मला उत्तर सुचलं नाही.
कन्हेरवाडीचा घाट मला कितव्या खेपेला दिसला?
पहिल्या खेपेला तर नाहीच,
तेव्हा मी चिल्लर मोजत होतो.

रात्री तिनं टेप काढला, निळा खडू काढला,
फरशीवर खोली आखली, दहा बाय चौदा.
सोफा रेषेबाहेर गेला, म्हणजे समुद्रात.
टीव्ही समुद्रात. देव्हारा अर्धा आत, अर्धा बाहेर.
"देव तरतेत," ती म्हणाली.
खिडक्या लावल्या, वरून चादरी टांगल्या,
दिवा मालवला.
काळोख असा
की डोळे उघडे आहेत का मिटलेले
हे बोटांनी चाचपून बघावं लागलं.
ती दहा मिनिटांत घोरायला लागली.
मी जागा. कुशीवर वळलो तर खडू पुसेल.
तहान लागली होती,
पण दार आखायचं राहून गेलं होतं
आणि रेषेवरून पाय टाकवेना.

तीनच्या सुमारास नळ आला. आठव्या दिवशी.
आधी नुसती हवा, मग खोकला, मग धार.
भिंतीपलीकडे हौदात पाणी पडायला लागलं,
खोल, एकसारखं.
मोटार लावायला उठायला हवं होतं.
उठलो नाही. ऐकत राहिलो.
दोन मिनिटं असतील, वरच्या टाकीच्या दोन घागरी गेल्या असतील.
"आलं का?" ती झोपेतच.
"आलं."
"मग पडून काय राहिलाव?"

सकाळी मुजीबपुढे बयाणा ठेवला.
"आतली. दोनदा."
त्यानं नावं लिहिली, वयं लिहिली,
माझं एक वर्ष कमी लिहिलं, मीही बोललो नाही.
पावती फाडताना त्याचा हात तिरका गेला.
असं फाडत नाहीत, मी मनात म्हटलं,
अंगठा दाबून धरावा लागतो.
मग उठता उठता विचारलं,
"वरच्या डेकवर खुर्च्या असतात ना,
त्यांना नंबर असतो का?"
"नाही काका. जो आधी बसेल त्याची."
"सगळ्यांना?"
"सगळ्यांना. बाल्कनीवाल्यांनाही."

बाहेर आलो.
खिशातला रुमाल काढून बघितला.
बराच विटलाय.
येताना चौकातून दोन नवे घेतले,
मोठे, चौकड्यांचे,
लांबून ओळखू येतील असे.