बॉयलर बंद पडला ते दिवस

साइन थीटा मला पुन्हा कधी भेटला नाही.
बाजारात नाही, बाळंतपणात नाही,
मेंढ्यांची लोकर तोलताना तर नाहीच.
म्हणून मुलगा वही आपटून विचारतो,
'हे सगळं शिकायचं तरी कशाला?'
तेव्हा मी गप्प चहा ओतते
आणि मला अत-बाशीचा तो जानेवारी आठवतो.

बाहेर उणे एकतीस.
शाळेचा बॉयलर रातोरात फुटला,
पाइपांत पाण्याचा दगड झाला,
आणि शेगडी एकच, म्हणून खोलीही एकच उरली.
चार कोपऱ्यांत चार वर्ग बसले,
कोट न काढता, कानटोप्या न काढता.
कुणाचंच कुणापासून काही लपेना.
बीजगणितात मध्येच बेडकाचं हृदय धडधडायचं.
क्रियापद चालवायला उठलेली तोल्गोनाय
एका नदीचं नाव सांगून खाली बसली
आणि तिला पूर्ण गुण मिळाले.

तिसऱ्या दिवशी इतिहासाच्या कोपऱ्यात
कुबातच्या हाती शाळेचं जुनं स्मरणपुस्तक आलं.
त्यात दोन पानं एकमेकांना चिकटलेली.
चुकून नव्हे. कुणीतरी कडेकडेने, निगुतीने, खळ लावून.
'असू दे,' उपेल-एजे म्हणाल्या.
मग जरा थांबून, 'ओढू नकोस, फाटेल.'
पलीकडून, फळ्याकडे तोंड ठेवूनच,
रसायनाच्या बुरुलकान-एजे म्हणाल्या,
'पिठाची खळ आहे. वाफेला सुटते.'

किटली शेगडीवर होतीच.

आत एक फोटो निघाला.
शाळेच्या दारात, उंबऱ्यावर, चार शिक्षक.
तिघांची नावं खाली.
चौथ्याच्या नावावर शाई, चेहऱ्यावर शाई,
घाईत फासलेली नव्हे,
गृहपाठ करावा तशी मन लावून गिरवलेली.

एव्हाना चारही कोपरे एका बाकाशी आले होते.
साग्यनबेक-अगायनी चष्म्यावरची वाफ पुसली.
आयुष्यभर ते संख्यांखेरीज कशाबद्दल बोलले नव्हते.
'दार तेच आहे,' ते म्हणाले. 'टेप घेऊन या.'
आम्ही पाच जण त्या थंडीत दार मोजायला पळालो.
खरं दार दोनशे सेंटीमीटर, फोटोतलं पाच.
फोटोतला माणूस, टोपी सोडून, चार पूर्णांक नऊ.
फळ्यावर खडू कचकचला:
एकशे शहाण्णव.

कुणी बोललं नाही.
आमच्या खोऱ्यात एवढी उंची
एकाच घरात निपजते.
सगळ्यांच्या माना आधी मागच्या बाकाकडे वळल्या,
मग लाजून पुन्हा पुढे.
तेमिरने कानटोपी काढली.
'घरी त्यांचा फोटो नाही,' तो म्हणाला.
'आजी म्हणायची, होता. मग म्हणायची, नव्हता.'

भाषेच्या कालिपा-एजेंनी त्याच्यापुढे पेन्सिल धरली.
'नाव लिही. आडनावासकट.
दीर्घ स्वर विसरू नकोस.'
त्या विसरलेल्या स्वरासाठी वर्षभर
त्यांनी त्याचे अर्धे-अर्धे गुण कापले होते.
त्याने लिहिलं. त्यांनी वाकून तपासलं.
बरोबर होतं.
त्या नाक पुसायला खिडकीकडे गेल्या.

दहाव्या दिवशी पाइप गरम झाले.
विषय आपापल्या खोल्यांत परतले, दारं लागली,
घंटा जणू काही झालंच नाही अशी वाजली.
कुबातने, तो कुबातच असल्यामुळे, विचारलं,
'अगाय, गुणोत्तर-प्रमाण पुढे कुठे लागतं?'
अगायनी खडू झटकला.
'परीक्षेत.'

मुलाला यातलं काय सांगू?
चहा निवतो, वही तशीच पालथी.
मला दिसतं फक्त सुट्टीनंतरचं ते दार:
रोज मान वाकवून बाहेर पडणारा तेमिर
चौकटीला पाठ लावून ताठ उभा,
तळहात डोक्यावर आडवा.
तीन बोटं अजून कमी होता.