पावती

पावतीपुस्तक माझ्याकडे, म्हणून मी खजिनदार.
खजिना असा नाही.
वाळूजच्या ऑफिसचं तीन महिन्यांचं भाडं थकलंय,
खुर्च्या नऊ, त्यातल्या सहा बसण्याजोग्या.

चौऱ्याण्णव साली आम्ही तीनशे बारा होतो.
गंगाखेडचे, कन्नडचे, काही थेट किनवटहून आलेले,
उन्हावरून वेळ सांगणारे; भोंगा नवा होता.
त्या साली साठ टनाच्या प्रेसनं
माझ्या डाव्या हाताची दोन बोटं घेतली.
पत्र्याचं मडगार्ड झालं,
मडगार्ड कुठल्या गावी गेलं देव जाणे.

त्या दोन बोटांसाठी युनियन अकरा दिवस गेटवर बसली.
उत्तरेश्वरच्या बायकोनं भाकरी आणल्या, मुखीदभाईनं शेगडी.
बाराव्या दिवशी साहेबांनी सही केली:
प्रत्येक प्रेसला दोन बटणं.
दोन्ही हात बटणांवर असतील तरच डाय खाली येईल.
दीड ओळीचं कलम.
मी आजवर वाचलेलं सगळ्यात चांगलं मराठी.

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही.
कुणाला हाकललं नाही.
एकेक जण रिटायर झाला, कुणी व्हीआरएस घेतली,
त्या पैशात पिठाची गिरणी टाकली, ती दोन वर्षांत बसली;
आणि रिकाम्या जागी ठेकेदाराचं पोरगं उभं राहिलं,
राखाडी शर्टात.
आम्ही निळे. मशीन तेच.
दर करारात साहेब दोन शब्द हळूच घालायचे, 'कायम कामगारांस',
आणि आम्ही पुढचा आकडा बघायचो.
आकडा चांगला असायचा. खोटं कशाला बोलू,
त्याच्यावर माझी पोरगी नर्सिंग शिकली.

आता निळे एकेचाळीस.
दिवाळीला पेढ्याचा पुडा मात्र सगळ्यांना सारखा,
अर्धा किलो.

परवा सेकंड शिफ्टला सात नंबरच्या प्रेसवरून गेलो.
मुंजाजी होता, जिंतूरकडचा, वीस-एकवीसचा.
एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचा.
राहिलेल्या बटणात आईस्क्रीमची काडी खुपसलेली,
वरून चिकटपट्टी.
"काका, तासाला साडेचारशे नग मागतेत.
दोन्ही हात लावले तर तीनशेच निघतेत.
कमी पडले की उद्या गेटवर नाव नसतंय."

मी काडी उपटली नाही.
हे लिहून ठेवतो, कारण कुणी विचारणार नाही.
घड्याळ बघितलं, मग जमीन,
आणि नसलेल्या बोटांना खाज सुटली.

रविवारी मीटिंगमध्ये विषय काढला.
घटनेत बसत नाही, कुणी म्हणालं.
डिसेंबरात करार आहे, आत्ताच कशाला डिवचायचं.
हे म्हणणारे वाईट नव्हेत.
ज्यानं शेगडी आणली होती, तोही त्यांच्यात होता.

संध्याकाळी पुस्तक घेऊन रांजणगावला गेलो.
पत्र्याची खोली, सात पोरं, चार गाद्या;
एक शिफ्ट उठली की दुसरी त्याच उबेत झोपते.
मुंजाजीनं दहाची नोट काढली, घडी उलगडली.
"याचं काय मिळतंय, काका?"
"सध्या काही नाही."
तो हसला. "मग घ्या. पण नाव कामून टाकता?
ठेकेदार खिसे बघतो."

तारीख लिहिली. रुपये दहा फक्त.
नावाच्या जागी रेघ मारली.
त्यानं पावती मोबाईलच्या कव्हरमध्ये सरकवली.
स्थळप्रत माझ्याकडे आहे; कार्बन जुना,
आकडा नीट उमटला नाही, रेघ उमटलीय.

उद्या मला फर्स्ट शिफ्ट. सात नंबर वाटेतच लागतो.
चिकटपट्टी नखानं निघते,
आणि उजव्या हाताची पाचही शाबूत आहेत.