छाट

पहिल्या वर्षी चहा करण्याचे तुकडे पाडायला शिकवतात.
भांडं ओळखणं. भांड्यापर्यंत हात नेणं. बोटं उघडणं,
किती उघडायची ते डोळ्यांनी आधीच ठरवणं.
माझ्या वहीत चहाचे एक्केचाळीस तुकडे झाले
आणि साखर राहिली.
मॅडमनी लाल पेनानं लिहिलं : पेशंटला मधुमेह आहे का?

घरी, येळ्ळूरला, मी काय शिकते
हे अजून कुणाला धड सांगता येत नाही.
बाबा म्हणतात, फिजिओच, पण थोडं वेगळं.
काकू म्हणते, हाडांची.
शेजारचे कल्लाप्पामामा मुतगेकर सरळ विचारतात,
"एवढी फी भरून शर्टाची बटणं लावायला शिकवतात व्हय?"
होय की, मामा.
तेच.

तिसऱ्या वर्षी मला बायनाक्का शिंत्रे मिळाल्या.
निपाणी. वय बावन्न. उजवी बाजू गेलेली.
संमतीचा कागद कन्नडमध्ये.
मी मराठी शाळेतली, अक्षराला अक्षर लावत अडखळते,
शेवटी गोकाकची सौभाग्या वाचते, मी मराठी करते,
आणि बायनाक्का डाव्या अंगठ्याला शाई लावून घेत म्हणतात,
"दोघींनी मिळून एक कागद वाचलासा,
आणि दुबळी म्हणे मी."

तक्त्यात रकाने आहेत :
काटा-चमचा धरता येतो का.
बटण लावता येतं का.
"लुगड्याला बटण कुठलं, पोरी?"
मी खुंट्यांची पाटी पुढे केली, लाल, पिवळ्या, निळ्या.
त्यांनी तीन खोचल्या, चौथी हातात धरून माझ्याकडं बघितलं,
लहान पोरानं मातीचं जेवण वाढल्यावर
मोठी माणसं बघतात तसं.

तुम्हाला काय करायचंय?
हा प्रश्न पुस्तकात पहिल्याच प्रकरणात आहे.
मी तो चौथ्या दिवशी विचारला.
"हजार व्हायच्या दिवसाला. बोलत बोलत. लाईट गेली तरी."

वॉर्डात तंबाखू आणायची नाही, बरोबरच आहे.
त्यांच्या जावेनं ओल्या फडक्यात पानं आणली,
कात्री, पत्र्याचा साचा, गुलाबी दोरा.
तंबाखूच्या जागी मी मेसमधून ओवा आणला.
खुर्ची नको म्हणाल्या. भिंतीला टेकून मॅटवर बसल्या,
मांडीवर सूप.
उजवा हात उचलून काठावर ठेवला, दुसऱ्याचं सामान ठेवावं तसा.

मी तुकडे मोजायला लागले. सातव्याला सुटले.
डावा हात पान वळवत होता, दात दोरा ओढत होते,
आणि मध्येच कधीतरी उजवा अंगठा पानावर आला.
आला म्हणजे काय,
सरकला नाही, दाबला नाही,
वारं येईल म्हणून ठेवलेल्या दगडासारखा
नुसता तिथं होता.
पान उडालं नाही.

बारा मिनिटं. एक बिडी.
एका टोकातून ओवा सांडत होता.
सौभाग्यानं टाळ्या वाजवल्या.
बायनाक्कांनी बिडी कानाशी नेली, हलवली,
ठेकेदाराचा माणूस धरतो तशी उजेडात धरली
आणि सुपाबाहेर टाकली.
"छाट."
मी म्हटलं, अहो, पहिलीच तर आहे.
"पहिल्या बिडीचं पैसं वेगळं मिळतात व्हय?"

मग सूप माझ्याकडं सरकवलं.
मी पान घेतलं. साचा, कात्री, ओवा, दोरा,
वाचलेलं सगळं आठवत, एकेक तुकडा जुळवत.
सौभाग्या घड्याळ बघत होती, तिनं आकडा सांगितला नाही.
माझी बिडी मधोमध फुगली होती, अजगरानं कोंबडं गिळल्यागत.
बायनाक्कांनी ती कानाशीसुद्धा नेली नाही.
पहिलीच्या शेजारी ठेवली.

"तुझं दोन्ही हात बरं हायत न्हवं?"

मग म्हणाल्या, उद्या पानं रात्रीच भिजवून आण.
कोरडी लई तडकतात.