कडी

बेइरा शहर. प्राया नोव्हाची वाळू.
वादळानंतरची अकरावी रात्र.
नोएमियानं बापाला हातगाडीत घातलं,
मासळीच्याच गाडीत. फळ्यांना खवले चिकटलेले.
टोमे बोलत नव्हता. डोळे असे खोल गेलेले
की आतून कुणी हाक मारली असावी.

ती पळत होती.
पळताना तिच्या काळजात काय चाललं होतं, सांगतो.
भीती पेशीच्या उंबऱ्यापर्यंतच येते.
आत तिला मज्जाव.
ती दारावर थाप मारते, आणि भिंतीच्या आतल्या अंगाला
एक कारागीर जागा होतो.
तीन मण्यांची शेपटी असलेला एक रेणू उचलतो,
दोन मणी तोडतो,
उरलेला वाकवून रेणूच्याच अंगात अडकवतो.
झाली कडी.
एवढासाच निरोप : पळ.
लगेच दुसरा कुणी येतो आणि कडी सोडवून टाकतो.

निरोप म्हणजे सांगावा.
निरोप म्हणजे निघून जाणंही.
इतकी वर्षं हा शब्द वापरला,
पण दोन्ही अर्थ एकाच कामाचे आहेत
हे मला या कडीनं शिकवलं.

टोमेच्या आतड्यातही तीच कडी.
पण तिथे पाण्यातून कुणी परकं शिरलं होतं,
स्वल्पविरामासारखं वाकडं.
आकार स्वल्पविरामाचा, पण विराम ठाऊक नाही.
त्यानं कारागिराला धक्काही लावला नाही.
त्याला ‘हं, आता पुरे’ म्हणणारा जो मुकादम,
त्याच्या तोंडाला तेवढं कुलूप घातलं.
मग कड्याच कड्या.
सोडवणारा एकटा, सोडवून सोडवून थकला.
आणि प्रत्येक कडी दाराला सांगते : उघड. उघड.
मीठ बाहेर पडलं.
मिठामागून पाणी.

शाळेच्या वर्गात खाटा. खाटांना मधोमध भोक,
खाली बादली, बादलीवर लिटरच्या निळ्या रेघा.
फळ्यावर अजून सातचा पाढा.
अल्झिरा सिमांगोनं टोमेच्या पोटाची कातडी
चिमटीत धरली, सोडली.
घडी तशीच राहिली.
‘केव्हापासून?’
‘भरती लागली तेव्हापासून.’
अल्झिरानं दोन्ही हातांना सुया लावल्या,
आणि शिरा सापडेपर्यंत कुणाशी बोलली नाही.

पहाटेकडे तिनं नोएमियाला पेला दिला.
लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.
‘चमच्या-चमच्यानं पाज. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब. मग पुन्हा.’
नोएमिया भडकली.
‘पाणीच चाललंय सगळं, आणि तुम्ही पाणीच देता?
ते दार बंद करा ना!’

‘ते दार माझ्याच्यानं बंद होत नाही, पोरी.
पण शेजारी दुसरं दार आहे.
त्याला तो निरोप ऐकूच येत नाही, बहिरं आहे.
साखर आणि मीठ हात धरून आले
तरच ते दोघांना आत घेतं.
पाणी काय, मिठामागून कुठंही जातं.’

आणि बिघडलेल्या त्या पेशी?
त्या झडतील चार-पाच दिवसांत,
खवल्यांसारख्या.
खालून नव्या येतील, कुलपाविना.
तोवर फक्त चमचा.

एकशे बारा चमचे तिनं मोजले.
मग मोजायचं विसरली.

उन्हं फळ्यावर, सात नव्वे त्रेसष्टपाशी आली
तेव्हा अल्झिरानं दुसऱ्या बादलीत डोकावून पाहिलं,
आणि पेशंटच्या कागदावर एकच शब्द लिहिला : लघवी.
नोएमिया जिथे होती तिथेच खाली बसली.
तिच्या काळजात एकेक कडी सुटत गेली,
आवाज न करता.
तिला कळलंही नाही.
तिला इतकंच कळलं की आपले पाय दुखतायत.

टोमेनं ओठ हलवले.
ती वाकली.
‘गाडी कुठंय?’ तो म्हणाला.
‘बाहेर कुणी उचलून नेईल ती.’