पाच अँपिअर

रिहाब वरच्या मजल्यावरची. परीक्षेला अकरा दिवस.
जिन्यात बसून पाठ करते, कारण जिन्यातला दिवा
जनरेटरवाल्या नझीहच्या खर्चातला.

"काका, ऐका. धारा म्हणजे प्रभार भागिले काळ."
ऐकतो.
एकतीस वर्षं या मीना बंदरात
दारोदार मीटर वाचत हिंडलो.
आकडे उतरवले; सूत्र कुणी विचारलं नाही.

अर्धा अँपिअर, दोन मिनिटं. प्रभार किती?
ती म्हणते, एक कूलोम.
मिनिटांचे सेकंद कर, पोरी.
खोडते. साठ.
पेन्सिलीचं टोक मोडतं, दातांनी लाकूड सोलते.

आमच्या घरात पाच अँपिअर येतात, महिन्याच्या बोलीवर.
पाच म्हणजे फ्रीज, दोन दिवे, टीव्ही.
इस्त्री लावली की फ्रीज काढायचा.
परवा सामिया विसरली.
खट्ट.
मी काळोखात चार जिने उतरलो
खटका वर करायला, गुडघ्यांना शिव्या देत,
आणि वरून हिचा आवाज:
"पाच अँपिअर म्हणजे सेकंदाला पाच कूलोम, काका!"

एका कूलोमात इलेक्ट्रॉन किती?
सव्वासहा गुणिले दहाचा अठरावा घात.
एवढे जण तारेतून जातात
आणि एकाचंही नाव कुठल्या वहीत नाही.

मग ते चमत्कारिक पान:
धारा धनाकडून ऋणाकडे मानायची,
इलेक्ट्रॉन मात्र ऋणाकडून निघतात, धनाकडे.
"उलटं का?"
आधी ठरवलं, कळलं नंतर, मग बदलायचा कंटाळा.
सरकारी नोकरी केली आहे मी, एवढं समजतं.

आणि ऋणाकडून धनाकडे जाणं
मला पुस्तकातून नको.
कमील आबिजानला गेला तेव्हा
तिकिटाचे पैसेसुद्धा उसने होते.
तो तिकडे गेला, पैसे इकडे येतात.
सांग, बाण कुठल्या बाजूला काढू?

ती हसत नाही. पान उलटते.
सेलच्या तारेत इलेक्ट्रॉन म्हणे
सेकंदाला मिलिमीटरभरही सरकत नाही.
"मग दिवा लगेच कसा लागतो?"
तार आधीच भरलेली असते गं.
त्या टोकाला ढकललं
की या टोकाला कळतं.

बारा वाजता नझीह जनरेटर बंद करतो.
जिना जातो. तिची वही जाते.
सामिया आतून विचारते, फोन आला का?
नाही.

अंधारात वरच्या पायरीवरून
"प्रभार बरोबर धारा गुणिले काळ..."

सेकंदांत, मी म्हणतो.
काळ सेकंदांत.